पहिल्या नजरेतली काजळी

वहिनीने त्या सकाळी मायक्रोस्कोप चालू केला तो निव्वळ एका देखण्या चित्रासाठी. काम तसं संपलं होतं. रिपोर्ट कधीच गेला होता, साहेबांची सही झाली होती आणि पलीकडच्या इमारतीत तिची नणंद, बारकी, इंजिन तापवायला लागली होती. पण बसकंपनीकडून आलेल्या पाहुण्यांना पडद्यावर दाखवायला एखादं ठळक चित्र असावं, असं साहेबांना ऐन वेळी सुचलं. साहेबांना सगळंच ऐन वेळी सुचतं, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

ही प्रयोगशाळा डिझेलच्या काजळीवर जगते. माणसं कशाकशावर पोट भरतील याला धरबंध नाही, त्यातलाच हा प्रकार. बसच्या धुराच्या नळीत एक पत्र्याचा डबा बसवतात. डब्यात भाजलेल्या मातीची जाडजूड, बारीक छिद्रांची वीट असते. धूर विटेतून पार होतो, काजळी मागे अडकते. अडकून अडकून वीट भरली की तापलेला धूर सोडून ती काजळी जागच्या जागी जाळायची, म्हणजे वीट पुन्हा मोकळी. प्रश्न एवढाच, की जाळण्याआधी भरू द्यायची किती? जरा भरली की जाळत बसलं तर डिझेलची नासाडी. फार भरून जाळली तर आत वणवा पेटतो आणि विटेचं पाणी होतं. ते 'किती' सांगणं हा इथला धंदा.

आणि काजळीच्या पोटात शिरल्याशिवाय ते सांगता येत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, मग तू रोज बघतेस तरी काय, असं बारकी वहिनीला चिडवायची. पण काळ्याकाळ्यात फरक असतो. काजळीचा कण म्हणजे इवल्या इवल्या गोळ्यांची माळ, आणि प्रत्येक गोळ्याला कांद्यासारखे थर. थर लांब, सपाट, एकावर एक नीट बसलेले असले तर हवेला धरायला जागा मिळत नाही आणि काजळी रमतगमत जळते. थर तुटके, वाकडे, एकमेकांत गुंतलेले असले तर जिकडेतिकडे उघड्या कडा, आणि हवा नेमकी कडांनाच धरते. रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा पेटवून बघा आणि तीच रद्दी चुरगळून पेटवून बघा. कागद तोच असतो, आग तेवढी वेगळी.

खरं तर चिमूटभर काजळी भट्टीतल्या तराजूवर तापवली की ती कधी पेटते आणि किती झपाट्याने उडून जाते, हे सरळ कळतं. पण भट्टीची तार जळाली होती, नवी यायची होती आणि पाहुण्यांना थांबायची तयारी नव्हती. तेव्हा साहेब म्हणाले, वहिनींनी बघून सांगितलं की झालं. वहिनीने बघितलं. बघितलं म्हणजे तिच्या पद्धतीने बघितलं. प्रत्येक कणापाशी थांबून, चित्र केसभरही हलत नाही ना हे पारखून, मग पुन्हा एकदा, आणि मग आणखी एकदा. ती बटण दाबेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. पण तिसऱ्यांदा बघून ती जेव्हा 'नक्की' म्हणायची तेव्हा त्यावर कुणी वाद घालत नसे. रिपोर्टाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, थर नीट लागलेले आहेत, काजळी सुस्त आहे, नक्की. त्या एका शब्दाच्या जोरावर आजच्या विटेत नेहमीच्या दुप्पट काजळी भरली होती.

साहेबांपासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत तिला सगळेच वहिनी म्हणत, कारण बारकी म्हणायची. बारकी तिची सख्खी नणंद. नावाची बारकी, उभी राहिली की दार भरून टाकायची. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ही शाळेत होती, आणि वर्ष सरायच्या आत सासूबाई गेल्या. तेव्हापासून तिच्या वेण्या, तिची गणितं, तिचे ताप आणि तिचे रुसवे, सगळं वहिनीच्या पदरात पडलं. वहिनीला मूल झालं नाही. त्याचं दुःख होतंच, नाही असं नाही, पण घर रिकामं वाटलं नाही ते बारकीमुळे. पुढे बारकी इंजिनांच्या नादी लागली, इंजिन-चाचणीची प्रमुख झाली, वहिनीला याच प्रयोगशाळेत घेऊन आली. नणंद-भावजयीचं कधी जमत नाही म्हणणाऱ्यांनी या दोघींना येऊन बघावं.

तर तळघरातल्या त्या अंधाऱ्या खोलीत वहिनी चित्र काढायला बसली. मायक्रोस्कोप तळघरात, कारण वर कुणी खुर्ची सरकवली तरी त्याला धक्का बसतो. तिने नवा कण शोधला, इलेक्ट्रॉनचा झोत त्याच्यावर सोडला, आणि साहेबांच्या घाईने तिचीही घाई झालेली, तेव्हा चित्र नीट लागायच्या आत बटण दाबलं गेलं. ती स्वतःशीच चुकचुकली. मग नेहमीसारखं सावकाश, चक्र्या फिरवत, श्वास रोखत तिने चित्र लावलं आणि दुसरं काढलं. ते झकास आलं. बिघडलेलं पुसून टाकावं म्हणून तिने दोन्ही शेजारी शेजारी उघडली.

दुसऱ्या चित्रात थर विंचरलेल्या केसांसारखे होते. पहिल्यात गुंता होता.

तिला आधी वाटलं, चित्र अस्पष्ट आहे म्हणून तसं दिसतंय. पण इतकंही अस्पष्ट नव्हतं. कडा दिसत होत्या, त्या वाकड्या होत्या आणि तुटलेल्या होत्या. कण तोच होता, त्याचा कोपरासुद्धा तोच होता. मग तिने दुसऱ्या, अजून झोत न पडलेल्या कणाकडे मोर्चा वळवला आणि झोत पडताक्षणी बटण दाबलं. गुंता. आता तिने काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली. बघता बघता थर हलायला लागले. वर्गात बाई आल्या की पोरं हळूहळू आपापल्या जागी बसतात, तसे ते एकेक करून सरळ झाले आणि एकावर एक बसले.

काय झालंय ते तिला कळलं. झोतच थर लावत होता. जितका वेळ ती कणापाशी थांबायची तितके ते नीट व्हायचे, आणि ती तर सगळ्यांत जास्त थांबणारी. एखाद्या धसमुसळ्याने भराभर चित्रं काढली असती तर त्याला खरी काजळी दिसली असती. हिने जपून जपून बघितलं आणि स्वतःचाच टापटीपपणा रिपोर्टात लिहून दिला. अति तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही. पलीकडच्या विटेत सुस्त काजळी नव्हती, चुरगळलेली रद्दी ठासून भरली होती.

मग तिला बारकीची सळई आठवली.

आजची चाचणी साधी नव्हती. काजळी पेटवायची, ती ऐन भरात आली की इंजिन एकदम मंद करायचं. रस्त्यावर असंच होतं, आत काजळी जळत असते आणि बस सिग्नलला थांबते. वाहता धूर विटेतली उष्णता बाहेर नेत असतो, तो आटतो. उलट धुरातली हवा वाढते. विटेच्या आयुष्यातली ही सगळ्यात वाईट घटका. आणि नेमक्या याच घटकेला बारकी हेल्मेट चढवून इंजिनाच्या खोलीत शिरायची, एका लांब सळईचं एक टोक डब्याला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायची. वीट तडकली तर बारीक टिक असा आवाज येतो. तापमानाच्या तारा पाचच ठिकाणी असतात, तडा कुठेही जातो. काट्यांनी पास केलेल्या विटा बारकीच्या कानाने नापास केल्या होत्या, आणि पुढे त्या फुटलेल्याच निघाल्या होत्या. नियमात हे बसत नव्हतं. पण त्या कानाने प्रयोगशाळेची अब्रू राखली होती, म्हणून साहेब तेवढा वेळ दुसरीकडे बघायचे. आज तर पाहुणे ते बघायलाच आले होते.

वहिनीचा हात सवयीने चक्रीकडे गेला. तिसरा कण. दोनदा बघून ती जन्मात कधी काही बोलली नव्हती. तिसरा कण शोधायचा, झोत सोडायचा, थर बसतात का ते बघत राहायचं. तोवर पलीकडे इंजिन मंद झालं असतं. तिने हात मागे घेतला, झोत तसाच चालू ठेवला आणि उठली.

भिंतीवरच्या फोनने तिने बारकीच्या खोलीत लावून पाहिलं. तो व्यस्त. व्यस्त असणारच, चाचणी चालू असताना रिसीव्हर काढून ठेवायचा ही बारकीचीच शिस्त. मोबाईल आत न्यायला बंदी, ते सगळ्यांचे फाटकावरच्या कपाटात. मग वहिनी पळत सुटली. ती पळणारी बाई नव्हे. जिना चढतानाच तिला धाप लागली, अंगणात कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, तिला बोलता येईना. इंजिनांच्या इमारतीच्या दारात पहारेकऱ्याने तिला अडवलं. चपला घालून आत जाता येत नाही, जाड बूट हवेत. त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तिला आणखीच रडू यायला लागलं. वाद घालत बसण्यापेक्षा तिने फळीवरचे हाताला लागले ते दोन बूट पायात अडकवले आणि ते भलेमोठे बूट फरफटत ती आत गेली.

नियंत्रणाच्या खोलीत साहेब होते, तीन पाहुणे होते, आणि काट्यांसमोर बारकी. जाड काचेपलीकडे इंजिन गरजत होतं. काजळी पेटलेली होती. बारकी मान न वळवता साहेबांना सांगत होती, की हिशोबापेक्षा जरा लवकरच पेटली, बहुतेक तापमानाची तार वाकडी बसलीय. साहेबांनी मान डोलावली. वहिनीला ठाऊक होतं, तार वाकडी नव्हती.

"चित्र आणलंत का, वहिनी?" साहेबांनी हसून विचारलं.

तिने धापा टाकत सगळं सांगितलं. बिघडलेलं चित्र, मग दुसरा कण, मग थर कसे डोळ्यांदेखत सरळ झाले ते. ऐकता ऐकता साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी विचारलं, असे किती कण बघितलेत. ती म्हणाली, दोन. आणि रिपोर्टात किती आहेत? शंभरावर. पाहुण्यांमधले एक चष्मेवाले पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, म्हणजे रिपोर्ट चुकीचा आहे असं समजायचं का?

"रिपोर्टातले थर मी लावलेत," वहिनी म्हणाली. "इंजिनाने नाही."

साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. ते अडकले होते. शंभराच्या विरुद्ध दोन, आणि तेही धावत आलेल्या बाईच्या तोंडून. शिवाय या चाचणीवर येत्या काही वर्षांचं काम अवलंबून होतं, आणि आज नाही केली तर पाहुणे दुसरं दार ठोठावणार हे त्यांनी आडून आडून सांगितलंच होतं. ते थोडा वेळ कपाळ चोळत राहिले. मग म्हणाले, अहो, वीट टिकते की नाही हे बघायलाच तर चाचणी असते, आपण ती करू. मधला दरवाजा भक्कम आहे, इथे बसलेल्यांना भीती नाही. इथे बसलेल्यांना नव्हतीच. बारकी मात्र हातमोजे घालून उठली होती, आणि तिच्या हातात सळई होती.

बारकीने हेल्मेटची काच वर केली. वहिनीच्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं.

"वहिनी, नक्की?"

एका शब्दाचा प्रश्न होता. हो म्हटलं की संपलं. शाळेतल्या पोरीला वहिनीने कितीतरी वेळा खोटं सांगितलं होतं, औषध कडू नाही, सुई दुखत नाही. त्यातलंच हे एक खोटं, आणि हे तर कदाचित खरंही असेल. शब्द ओठांपर्यंत आला. पण तोच शब्द तिने शेवटचा कुठे लिहिला होता ते आठवलं, आणि तो घशातच राहिला.

"नाही," ती म्हणाली. "नक्की नाही. दोनच बघितले मी. तिसरा न बघता आले." तिचा आवाज फाटला. "पण तू आत जाऊ नकोस."

चष्मेवाल्यांनी घड्याळ बघितलं. बारकी वहिनीकडे बघत होती, तिच्या विस्कटलेल्या केसांकडे, मग तिच्या पायातल्या त्या अगडबंब बुटांकडे. एक उजव्या पायाचा होता आणि दुसराही उजव्याच पायाचा. बारकीने सळई भिंतीला टेकवून ठेवली आणि परत खुर्चीत बसली.

साहेब दबक्या आवाजात म्हणाले की पाहुणे खास त्यासाठी आलेत.

"कान माझा आहे, साहेब," बारकी म्हणाली, आणि तिने इंजिन मंद केलं.

गर्जना थांबली. एवढी शांतता झाली की टेबलावरच्या पेल्याची थरथर ऐकू आली. काटे होते तिथेच होते. मग त्यातला एक चक्क थोडा खाली आला. पाहुण्यांमधलं कुणीतरी खाकरलं. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीला तिने वाढवलं तिचं आज चारचौघांत हसं केलं होतं, साहेबांचं काम घालवलं होतं, आणि तरीही ती मनातल्या मनात म्हणत होती, देवा, मीच चुकलेली असू दे.

मधला काटा हलला. तो चढू लागला आणि थांबेचना. लाल रेघ ओलांडून तो अगदी शेवटाला टेकला. शेजारचा त्याच्या मागोमाग गेला. तिसरा अर्ध्यावर चढला आणि एकदम मेल्यासारखा पडला, कारण आतली तारच वितळली होती. "मागे व्हा," बारकी म्हणाली, पण सगळे आधीच मागे झाले होते. काचेपलीकडे डब्याचं पोट आधी काळपट लाल झालं, मग नारिंगी, मग बघवेना असं पांढरं. पत्र्याचा जोड उसवला आणि त्यातून हातभर ज्वाळ बाहेर आली. बारकी नेहमी जिथे वाकून उभी राहायची तिथूनच ज्वाळ गेली आणि मागच्या भिंतीवर आपटली. भिंतीचा रंग सोलून निघाला. मग घंटा वाजली, छतातून आग विझवणारा वायू सुटला आणि काच पांढरी झाली. बारकीने इंजिन बंद केलं ते कुणाला दिसलंही नाही.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. ते काही रागावले नाहीत, नुसतं म्हणाले की आमच्या बसमध्ये मागच्या सीटखाली हाच डबा असतो. साहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर गेले आणि जाता जाता दारातून वळून वहिनीला म्हणाले, रिपोर्ट मागे घ्यावा लागेल. वहिनी म्हणाली, हो, मीच लिहून देते. हे काम आता हातचं गेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खोलीत दोघीच उरल्या. बारकी हातमोजा काढत होती आणि तो निघत नव्हता. एवढं धिप्पाड माणूस, पण मोज्याचं टोक चिमटीत येईना. वहिनी तिच्यासमोर बसली, तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेका बोटावरून मोजा ओढायला लागली.

"मी खोटं बोलणार होते," वहिनी म्हणाली. "नक्की म्हणणार होते. अगदी तोंडात आलं होतं."

"म्हणाली असतीस तर मी गेले असते आत."

वहिनीचा हात थांबला. "का गं?"

"नक्की तर तू रिपोर्टातही लिहिलं होतंस," बारकी म्हणाली. "'नक्की नाही' असं मात्र तुझ्या तोंडून आज पहिल्यांदाच ऐकलं."

वहिनीने मान हलवली. पहिला मोजा निघाला. दुसरा तिला दिसेना, डोळे भरून आले होते. मग तो बारकीनेच दातात धरून ओढून काढला.